सहाव्या प्रकरणातल्या बाई

पत्र ह्यांच्या नावाने आलं. ह्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पण टपालखात्याला ते कोणी कळवलं नव्हतं, आणि तसं कळवायची काही रीत असते की नाही हे मला ठाऊक नाही. पाकिटावर लाल शिक्का होता, ‘तातडीचे’. मी ते देवापुढे ठेवलं, जप पुरा केला आणि मग उघडलं. तातडी काय, सगळ्यांनाच असते.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम विभागाने लिहिलं होतं की, आपण लिहिलेलं ‘कार्यव्यवस्थापन : तत्त्वे आणि उदाहरणे’ हे पाठ्यपुस्तक गेली बावीस वर्षं व्यवसाय व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला लावलेलं आहे, नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक पाठ्यपुस्तकावर विद्यार्थ्यांचे साठ अभिप्राय घेणं आवश्यक झालं आहे, ते लेखकाने स्वतः गोळा करून महिनाअखेर सादर करावेत, न केल्यास पुस्तक वगळण्यात येईल. खाली आणखी एक ओळ होती : ‘आपण व्यक्तिशः हजर राहावे.’

ती ओळ वाचून मी काय केलं असेल, तर पाकीट पुन्हा चिकटवून बघितलं. चिकटलं नाही.

ह्यांचं मागे राहिलेलं म्हणाल तर फार नव्हतं. मूलबाळ नाही. कपडे वाटून झाले. चष्मा कुणाच्या तरी डोळ्यांना लागला. उरलं ते पुस्तक. दर वर्षी शंभरेक मुलं ते उघडतात, निदान परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तरी, आणि तेवढ्या तोंडांत ह्यांचं नाव येतं. भले शिव्यांसकट येवो. ते वगळलं गेलं की ह्यांचं नाव घेणारं माणूस म्हणजे मी एकटी. आणि आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव किती घेतात, ते तुम्हाला माहीत आहे.

आता एक कबूल करते. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. बावीस वर्षं त्याच्यावरची धूळ पुसली, पण आत डोकावले नाही. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर देवाचं नाव मात्र मीच लिहून दिलं होतं. माझे तीन नेम आहेत, लग्नाच्या आधीपासूनचे. सकाळचा जप संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. खोटं बोलायचं नाही. आणि कोऱ्या कागदावर कोपऱ्यात देवाचं नाव लिहिल्याशिवाय त्यावर दुसरं काही लिहू द्यायचं नाही. मग ती धोब्याची यादी का असेना. मोठी व्रतं माझ्याच्याने झाली नाहीत. ही लहान आहेत, रोजची आहेत, पण त्यांनी मला जेवढं गोत्यात आणलं तेवढं मोठ्यांनीही आणलं नसतं.

अभ्यासक्रम विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीमागे एक हेडक्लार्क बसले होते. उजव्या हाताच्या बोटांना शाई लागलेली, म्हणून मी मनात त्यांचं नाव ‘शिक्केवाले’ ठेवलं. त्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “लेखक कुठे आहेत?”

“ते वारले,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळात लहान. डोळ्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या, तिथे ओरडायची वेळच येत नाही. येणारा माणूस अडखळत येतो, पण ऐकू त्याला चांगलं येतं. शिक्केवाल्यांनी कान पुढे केला. “कुठे गेलेत?”

“वारले!”

शिक्केवाल्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं, जरा ओशाळले आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक वेगळा अर्ज काढला. लेखक हयात नसल्यास वारसाने भरायचा. मी कोपऱ्यात देवाचं नाव लिहून भरायला घेतला. ‘अपत्ये’ असं लिहिलेलं होतं, त्याच्यासमोर मी ‘नाहीत’ असं लिहिलं.

“शब्द चालत नाही बाई. आकडा लागतो. यंत्र वाचतं ते.”

मी ‘नाहीत’ खोडलं आणि शून्य काढलं. यंत्राला ते वाचता यावं म्हणून जरा मोठं काढलं.

मग त्यांनी साठ कोरे फॉर्म मोजून दिले. “जपा. एक फाटला तर दुसरा मिळणार नाही. झेरॉक्स चालणार नाही. मुलांनी एक ते पाच गुण द्यायचे आणि खाली अभिप्राय लिहायचा. सरासरी तीनच्या वर आली की पुस्तक पुढची पाच वर्षं पक्कं. खाली आली की गेलं.”

संध्याकाळी घरी सल्लागार मंडळ भरलं. मी कोणालाच बोलावलं नव्हतं. पण आमच्या इमारतीत एखाद्याच्या हातात सरकारी पाकीट दिसलं की वरचे-खालचे लोक आपोआप जमतात, जशा सांडलेल्या साखरेवर मुंग्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळेच ‘मोठ्या बाई’ म्हणतात, त्या आल्या. समोरचे वैद्य आले. माझे धाकटे दीर तर पत्राच्या वासानेच आले असावेत. त्यांचं घर दोन बसच्या अंतरावर आहे.

“वहिनी, यात काय आहे?” भाऊजी म्हणाले. “द्या इकडे. सहा रंगांची पेनं आणतो. मी वीस भरतो, वैद्यबुवा वीस भरतील, मोठ्या बाई वीस. रात्रीच्या जेवणाच्या आत साठ मुलं तयार.”

“मी डाव्या हातानेही लिहू शकतो,” वैद्य म्हणाले. माणूस सज्जन आहे, पण त्यांचं उजव्या हाताचंच अक्षर औषधवाल्याशिवाय कोणाला लागत नाही.

“भाऊजी, खोटं नको,” मी म्हटलं.

“यात खोटं काय? पुस्तक चांगलंच आहे ना?”

“तुम्ही वाचलंय?”

“वहिनी, सख्ख्या भावाचं पुस्तक कोणी वाचतं का?”

मोठ्या बाईंनी निकाल दिला. “मुलांकडून खरंखुरंच लिहून घ्यायचं. पण शिस्तीत. मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या आवाजाने तर वर्गातली पालही हलायची नाही.”

सगळे गेल्यावर मी टेबल पुसलं आणि साठ फॉर्म पुढ्यात घेतले. कोरा कागद असा मुलांच्या हाती द्यायचा कसा? वर मध्यभागी महाविद्यालयाचं चिन्ह होतं, डावीकडे क्रमांक. उजव्या कोपऱ्यात मात्र एक रिकामी चौकट होती, बोटाच्या पेराएवढी, सुबक. जशी काही माझ्यासाठीच ठेवलेली. तिच्याखाली मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. मला वाटलं, छापखान्याचं नाव असेल. एकतीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईच्या चष्म्याचा नंबर सात वर्षांत तपासलेला नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. मी चौकटीत देवाचं नाव लिहिलं. साठ वेळा, रेषेला न शिवता. लिहिताना पुस्तकासाठी प्रार्थनाही केली. इतकं मनापासून केलेलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाविद्यालयात गेलो. वर्ग क्रमांक चौदा, असं फळ्यावर लिहिलं होतं. चौदामध्ये एक तरुण प्राध्यापक आधीच शिकवत होते. मोठ्या बाई चपलेचा बंद बसवून घ्यायला खाली थांबल्या होत्या, म्हणून मी दारात उभी राहून म्हटलं, “जरा एक विनंती होती.” ते म्हणाले, “या, बसा, उशीर करत जाऊ नका.” मी बसले. पुढे सगळ्यांची सही घेणारा कागद फिरत आला, तो मी देवाचं नाव लिहून पुढे दिला, आणि शेजारच्या मुलीने “काकू, सही राहिली” म्हणून परत दिला, तेव्हा सहीही केली. पन्नास मिनिटं कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेवरचं व्याख्यान ऐकलं. चांगलं होतं. त्या दिवशी मी त्या वर्गात हजर होते, अशी कागदोपत्री नोंद आहे; आणि ती खरी आहे, एवढंच समाधान.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी मला शोधून काढलं आणि दंडाला धरून एकेचाळीस नंबरच्या वर्गात नेलं. फळ्यावरचा आकडा मी उलटा वाचला होता.

दुसऱ्या वर्षाची मुलं होती तिथे. मी पुढे जाऊन सांगितलं, “हे पुस्तक लिहिणाऱ्यांची मी पत्नी. तुमचा अभिप्राय हवा आहे.” तिसऱ्या रांगेपलीकडे ते पोचलं नाही. मागून एक आवाज आला, “मॅडम, वर्गणी गेल्याच आठवड्यात दिली!”

“उठा सगळे!” मोठ्या बाई गरजल्या.

सगळे उठले. त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण सिंहाला निवृत्ती कसली!

“बसा. एका बाकावर दोघंच. शेजारच्याचं बघून लिहायचं नाही. ज्यांनी पुस्तक आणलंय त्यांनी हात वर करा.”

चार हात वर गेले. एका हातातलं पुस्तक इतिहासाचं होतं.

फॉर्म वाटले. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या वर्गप्रतिनिधी मुलीने हळूच विचारलं, “काकू, खरं लिहायचं की चांगलं?”

क्षणभर माझ्या जिभेवर काय आलं होतं, ते देवाला माहीत. “खरं लिही, बाळ,” मी म्हटलं. “सगळ्यांना सांग, खरं लिहा म्हणावं.”

तिने मागे वळून ते खणखणीत आवाजात सांगितलं. मुलांनी ऐकलं. आजकालची मुलं वडीलधाऱ्यांचं ऐकत नाहीत असं म्हणतात; माझा अनुभव तसा नाही.

घरी आल्यावर दिवा लावला आणि वाचायला बसले. तुम्ही म्हणाल, कशाला वाचायचे? मीही तेच म्हणत होते, आणि वाचत होते.

‘पुस्तक जड आहे. वजनाने.’ दोन गुण.

‘लेखकाने टेलेक्स म्हणजे काय ते सांगायला हवं होतं. माझ्या वडिलांनाही माहीत नाही.’ दोन गुण.

‘या पुस्तकातला एकही आकडा जुळत नाही. पान २१४ वरचं गणित सोडवलं तर कारखान्यात उणे तीन कामगार लागतात. ते कुठे मिळतील?’ एक गुण.

‘खिडकी उघडी ठेवायला जाडी बरोबर.’ तीन गुण.

‘वाचलं नाही. तरी सहामाहीला पास झालो. पाच गुण.’ हा मुलगा आयुष्यात सुखी होईल.

आणि मग : ‘सहाव्या प्रकरणातल्या बाई कोण आहेत?’

पुढच्या फॉर्मवर : ‘बाकी विसरलो. बेचाळीस मिनिटंवाल्या बाई लक्षात आहेत.’

आणखी एकावर : ‘सहाव्या प्रकरणातल्या बाईंना कामावरून काढा.’ खाली वेगळ्या पेनाने कोणीतरी लिहिलं होतं, ‘काढता येत नाही, त्या घरातल्या आहेत.’ म्हणजे मोठ्या बाईंची नजर असूनही शेजारच्याचं बघितलं होतंच.

असे एकवीस अभिप्राय निघाले. त्या बाई म्हणे रोज सकाळी सगळ्यांचा खोळंबा करतात. त्या म्हणजे बाटलीची मान. सगळा माल त्यांच्यापाशी अडतो. मी फॉर्म खाली ठेवले. कारण सकाळी सगळ्यांचा खोळंबा करणारी एकच बाई ह्यांच्या ओळखीची होती.

एकतीस वर्षं आम्ही दोघं सकाळी एकाच बसने निघायचो. ह्यांचं पटकन आवरायचं. माझा जप चालू असायचा. हे बूट घालून दारात उभे राहायचे आणि घड्याळ बघायचे. माझी पाठ दाराकडे, पण घड्याळ बघायला बाही मागे सारलेली मला ऐकू यायची. एका शब्दाने कधी बोलले नाहीत. आणि तेच मला लागायचं. बोलले असते तर मी मनातल्या मनात उत्तर तरी दिलं असतं. रोज वाटायचं, असं सारखं घड्याळ काय बघायचं? देवाच्या कामाला बसलेय ना, पत्ते खेळत नाही. एकतीस वर्षं हा राग मी अगदी हळू आवाजात जपला. आणि आता कळत होतं की ह्यांनी तो सगळा हिशेब पुस्तकात छापून बावीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला होता.

कपाटात पुस्तक होतं. मी उठले नाही. म्हटलं, नाहीच वाचत जा. कोणावर रुसले होते कोण जाणे. समजूत काढणारं घरात कोणी नव्हतं.

फॉर्म मात्र वेळेत नेऊन दिले. रुसवा वेगळा, काम वेगळं.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. पुन्हा ह्यांच्याच नावाने. ‘आपण सादर केलेल्या साठपैकी साठ अभिप्रायदात्यांनी आपण लेखकाचे नातेवाईक असल्याचे घोषित केले आहे. तरी खुलासा करावा.’

मी खिडकीशी गेले तेव्हा शिक्केवाल्यांनी एक फॉर्म आणि एक भिंग माझ्यापुढे ठेवलं. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीखाली मुंगीच्या अक्षरांत छापलं होतं : ‘अभिप्राय देणारी व्यक्ती लेखकाची नातेवाईक असल्यास येथे खूण करावी.’

“यंत्राला चौकट रिकामी की भरलेली एवढंच कळतं,” ते म्हणाले. “आत काय लिहिलंय ते नाही कळत.” मग त्यांनी माझा जुना अर्ज काढला आणि डोकं खाजवलं. “इथे अपत्ये शून्य. आणि एका वर्गात साठ नातेवाईक. बाई, आमच्या साहेबांनी फाइल तीनदा वाचली.”

मला रडू यायला हवं होतं. हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. एवढी मुलं! एकदम, एका दुपारी, नंबरवार. हे असते तर म्हणाले असते, पुरवठा मागणीपेक्षा उशिरा आला.

शिक्केवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज माझ्यापेक्षाही लहान केला. “ऐका. खुलासा करायचा म्हणजे प्रत्येक फॉर्ममागे लिहून सही करायची, की ही व्यक्ती लेखकाची कोणी लागत नाही. तसं केलंत की फॉर्म वैध. मग सरासरी धरली जाईल. सरासरी दोन पूर्णांक चार आहे.”

“म्हणजे गेलं.”

“गेलं. पण खुलासाच केला नाही, तर प्रकरण चौकशी उपसमितीकडे जातं. ती वर्षातून एकदा बसते. गेल्या वर्षी बसलीच नाही. तोवर पुस्तक जागच्या जागी. मी काही सांगितलं नाही तुम्हाला.” आणि त्यांनी एका कोऱ्या कागदावर उगाचच शिक्का मारला. “उद्या शेवटचा दिवस.”

संध्याकाळी पुन्हा मंडळ.

“वहिनी, सही न करणं म्हणजे खोटं बोलणं नाही,” भाऊजी म्हणाले. “गप्प बसायचं फक्त. ते तर तुम्हाला जन्मापासून येतं.”

“मौन हे व्रतच आहे,” वैद्यांनी दुजोरा दिला.

मोठ्या बाईही म्हणाल्या, “अगं, देवाचं नाव लिहिलंस म्हणून हे झालं. याचा अर्थ त्यालाही पुस्तक ठेवायचंय. त्याच्या कामात तू कशाला लुडबुड करतेस?”

मला पटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच पटलं. सगळे गेल्यावर मी ठरवून टाकलं की उद्या जायचं नाही. आणि मग वाटलं, ज्याच्यासाठी एवढं नेमातून पळवाट काढायची ते एकदा बघावं तरी. पुस्तक काढलं. सहावं प्रकरण, पान एकशे एकोणऐंशी.

‘एका घरात दोन माणसे राहतात. दोघांना साडेआठला निघायचे असते. पहिल्याची तयारी अकरा मिनिटांत होते. दुसरीच्या कामात एक क्रिया अशी आहे, की तिला बेचाळीस मिनिटे लागतात. वेळ कोठे वाचवावा?’

खाली लिहिलं होतं, ‘बहुतेक विद्यार्थी बेचाळीस मिनिटांवर कात्री लावतील. ते उत्तर चुकीचे आहे. ही क्रिया घाई केल्याने बिघडते. तिच्यातून वेळ काढू नये. उलट, तिला लागणारे सर्व साहित्य आदल्या संध्याकाळीच जागेवर ठेवावे, म्हणजे तिचा एकही क्षण शोधाशोधीत जाणार नाही. तिच्या आड कोणी येऊ नये. संपूर्ण घर तिच्या गतीने चालवावे. ज्याचे आवरून झाले असेल त्याने दारापाशी उभे राहून वाट बघावी. ही वाट बघणे वाया गेलेला वेळ म्हणून धरू नये.’

पुढे गणित होतं. ते मला कळलं नाही.

रोज सकाळी माझी माळ खुंटीलाच असायची. दिव्यात तेल घातलेलं, वात सरळ केलेली. चष्मा पुसून पाटाच्या उजव्या हाताला. एकतीस वर्षं मला वाटत होतं की मी फार व्यवस्थित बाई आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ सापडायला वेळ लागला. कपड्यांच्या ढिगाखाली होती. वात काजळलेली. ह्यांचं घड्याळ मी पाटाशेजारी ठेवलं. जपात घड्याळ बघणं बरं नव्हे, पण बसताना बघितलं आणि उठताना बघितलं. बेचाळीस. उठल्याबरोबर, सवयीने, पदर सावरत लगबगीने दाराकडे गेले. पायपुसणं रिकामं होतं.

तिथे मी जरा वेळ उभी राहिले, ते उभे राहायचे तशी. ज्या नेमांसाठी ह्या माणसाने एकतीस वर्षं इथे वाट बघितली, त्यातला एक मी त्याच्याच पुस्तकासाठी मोडणार होते. आणि ती मुलं! त्यांनी खरं लिहिलं होतं, कारण मीच सांगितलं होतं.

खिडकी पाच वाजता बंद होते. मी तीनला पोचले असते, पण बस चुकली. आता निघायची आठवण करणारं दारात कोणी नसतं. सव्वाचारला शिक्केवाल्यांपुढे उभी राहिले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्या हाताची शाई कपाळाला लागली. “बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना...”

“सांगितलं होतंत. उपकार झाले. फॉर्म द्या.”

एकेक फॉर्म उलटा करायचा आणि लिहायचं : ‘ही व्यक्ती लेखकाची कोणी लागत नाही.’ खाली सही. पहिल्या दहांना हात हलका होता. टेलेक्सवाला, कोणी लागत नाही. खिडकी उघडी ठेवणारा, कोणी लागत नाही. न वाचता पास झालेला, कोणी लागत नाही. विसाव्यानंतर प्रत्येक फॉर्म आधी वाचायला लागले, मग उलटा करायला. त्या चष्मेवाल्या मुलीचा फॉर्म एकेचाळिसावा होता. तिने लिहिलं होतं, ‘सहाव्या प्रकरणातल्या बाईंना माहीत आहे का, की त्यांच्यासाठी कोणी थांबलंय?’ चार गुण. तिच्यामागे ‘कोणी लागत नाही’ लिहायला मला बराच वेळ लागला. पण लिहिलं. ती खरंच कोणी लागत नव्हती.

मध्ये कधीतरी पाच वाजून गेले. दिवे मालवले, पंखे बंद झाले. शिक्केवाले खिडकीच्या बाजूने बाहेर आले, पिशवी खांद्याला लावून भिंतीला टेकून उभे राहिले. घड्याळ बघत होते का? बघत असतील. मी वर पाहिलं नाही, आणि या वेळी मला रागही आला नाही.

साठ झाले. मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “आणखी एक कोरा फॉर्म मिळेल?”

“आता कशाला?”

“माझा अभिप्राय राहिलाय.”

“तुमचा मोजला जाणार नाही बाई. तुम्ही नातेवाईक.”

“माहीत आहे. फायलीत राहू दे.”

त्यांनी कुलूप उघडलं, आत गेले आणि एक फॉर्म घेऊन आले. नियमात ते बसत नव्हतं. मी तो उलटा केला, देवाचं नाव त्या दिवशी मागच्या बाजूला लिहिलं. मग सुलटा करून कोपऱ्यातल्या चौकटीत, रेषेला न शिवता, एक खूण केली. गुणांची जागा कोरी ठेवली. एकच प्रकरण वाचून गुण द्यायचे म्हणजे खोटंच.

अभिप्रायाच्या ओळीवर लिहिलं : ‘या पुस्तकातला एकही आकडा जुळत नाही, असे एका विद्यार्थ्याने म्हटले आहे. पान एकशे एकोणऐंशीवरचा जुळतो. मी आज सकाळी मोजून पाहिला.’